जुन्या लॅपटॉपला हार्ड डिस्कच्या जागी स्वस्तातला एसएसडी (चिपवाली, वेगवान डिस्क) टाकून फायदा होतो का?

तांबडा_पांढरा: डेल इन्स्पिरॉन 3542 आहे, चौथ्या जनरेशनचा आय3, 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क. चालू करून पाच-दहा मिनिटं झाली तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्केच आणि त्यात क्रोम उघडलं तर विचारूच नका. बहिणीला कॉलेजसाठी द्यायचाय, वर्ड, पीडीएफ, झूम एवढंच. दुकानदार म्हणतोय एनव्हीएमईच (एसएसडीचा जास्त वेगवान प्रकार) घ्या. बजेट कमी आहे, काय करू?

जुगाडू_भाऊ: एनव्हीएमई बसवणार कुठे, त्याला लागणारा एसएसडीचा एम.2 स्लॉटच या लॅपटॉपमध्ये नाहीये. 2.5 इंची साटा एसएसडी घे, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जागी बसणारा, 7 एमएम जाडीवाला, क्रुशियल बीएक्स500 नाहीतर किंग्स्टन ए400, 240 जीबी बास झालं. कागदावर सेकंदाला 500 च्या वर एमबी स्पीड दिसेल पण ते सोड, खरा फरक बारीक फाइल्सना पडतो, हार्ड डिस्कचं हेड सारखं इकडून तिकडे पळत असतं ना, तिथेच सगळा वेळ जातो. आणि एसएसडी डेटा लिहून लिहून लवकर मरतो वगैरे ऐकू नकोस, 80 टीबीडब्ल्यूचं रेटिंग आहे, म्हणजे एकूण 80 टीबी लिहिता येतं, रोज 20 जीबी लिहिलं तरी दहा वर्षं जातील.

साधा_माणूस: भाऊ बरोबर बोलतायत, फक्त या स्वस्त ड्राइव्हना डीरॅम (आतली वेगळी वेगवान मेमरी) नसतो, त्यामुळे मोठी कॉपी मारली की कॅश (तात्पुरती वेगवान जागा) भरते आणि स्पीड धाडकन पडतो. वर्ड-पीडीएफला जाणवणार पण नाही. क्लोन (जुनी डिस्क जशीच्या तशी कॉपी) नको करूस, विंडोज फ्रेश टाक, जुना कचरा कशाला उचलून न्यायचा.

रॅमराव: विंडोज कुठलं टाकणार ते पण बघा, 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 ला हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. मी तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून देईन, लिबरऑफिस (वर्डसारखं फुकट ऑफिस) आणि झूम दोन्ही चालतं. रॅम पण 8 कर, पण डीडीआर3एल (कमी व्होल्टची रॅम), 1.35 व्होल्टचीच माग, साधी डीडीआर3 लावली तर लॅपटॉप चालूच होणार नाही.

तांबडा_पांढरा: मिंटवर मराठी टायपिंग होतं का? तिला असाइनमेंट मराठीत लागतात.

रॅमराव: होतं की, आयबस (टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाकायचं, फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड) दोन्ही मिळतात.

जुगाडू_भाऊ: आणि हो, ऑनलाइन हजार रुपयात 2 टीबी एसएसडी दिसला तर हात पण लावू नकोस, आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं. जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घाल, फोटो-बिटो तिथेच राहू देत.