रेकॉर्डवरची सुई आत घसरतेय, काय करू?

शहापूर, बेळगाव: बाबांच्या एलपी रेकॉर्ड माळ्यावरनं काढल्या, त्या वाजवायला जुना टर्नटेबल घेतला. कुमार गंधर्वांची तान चढली की सुई सर्रकन आत! त्यात ते आमच्या सुळेभावीचे, म्हणून जास्तच लागतंय मनाला. आर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, रुपयाचं नाणं ठेवून बघितलं.

निपाणी: नाणं आधी काढा ओ! तेच ३ ग्रॅमच्या वर, रेकॉर्ड खरवडून निघंल. आर्मच्या मागचं वजन फिरवून आर्म हवेत तरंगता करा, त्या वजनावरचा आकडा शून्यावर आणा, मग कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या डबीच्या) कागदावरचं वजन द्या. बहुतेक दीड-दोन ग्रॅम. अँटिस्केटिंगही (आर्मला आत ओढू न देणारा ताण) तेवढंच.

खानापूर: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तव्यांना (रेकॉर्डना) ही सुई नको. त्यांची खाच रुंद.

शहापूर: १.८ ग्रॅमवर सुई बसली की ओ! आता फक्त घरघर. टेबलच डुगडुगतंय बहुतेक.