मदत हवी आहे: कृष्णवर्णीय लॉ विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, मसुदा परत आला

अदिती_ज
आमच्या अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवला आहे. शिष्यवृत्ती आणि मेंटॉरशिप दोन्ही द्यायचं आहे. अर्जात 'फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी' असं लिहिलं म्हणून मसुदा परत आला. मग लिहायचं तरी काय? शुक्रवारी सूचना लावायची आहे, लवकर सांगा.

निरंजन_प
राज्य कुठलं? कॉलेज सरकारी की खाजगी? पैसे कॉलेजच्या खात्यात की तुमच्या वेगळ्या संस्थेत? रक्कम किती? आणि विद्यार्थ्याकडून बदल्यात काही घेता का?

अण्णा_डोंबिवली
एलएलएमसाठी फुलब्राइट-नेहरू बघा. जे. एन. टाटांचीही आहे, पण ते कर्ज असतं, फेडावं लागतं.

अदिती_ज
अण्णा, हे अमेरिकेतल्याच मुलांच्या जेडीबद्दल आहे, म्हणजे तिथली वकिलीची तीन वर्षांची पदवी.
निरंजन, जॉर्जिया, खाजगी. पैसे आमच्या स्वतंत्र धर्मादाय संस्थेत. ४०,००० डॉलर, आठ जणांना ५,००० प्रत्येकी. बदल्यात काही नाही, फक्त निबंध आणि फोटो आमच्या प्रचारासाठी वापरायची परवानगी.

निरंजन_प
'फक्त' म्हणता, पण घोडं तिथंच अडलंय! जॉर्जिया ११व्या सर्किटमध्ये, म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाच्या ११व्या विभागात येतं. जून २०२४ चा फिअरलेस फंडाचा निकाल त्याच न्यायालयाचा, आणि तो फंडही अटलांटाचा. कृष्णवर्णीय महिला उद्योजकांना २०,००० डॉलर द्यायची ती स्पर्धा होती. विजेत्यांचं नाव, छायाचित्र, कल्पना प्रसिद्धीसाठी वापरायचा हक्क नियमांत लिहून घेतला होता. न्यायालयानं त्याला देणगी न मानता करार मानलं, आणि करारात वंशभेदाला मनाई करणारं कलम १९८१ (हा क्रमांक आहे, साल नव्हे) लागू झालं. हे कलम १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठीचं. मनस्वी चीड येते, पण मसुदा टिकला पाहिजे.

तर आधी ती परवानगी काढा. मग अर्ज सर्वांना खुला करा आणि निवड कामावर ठेवा. १०० पैकी आर्थिक गरज ४०, कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं किंवा नागरी हक्कांचं काम ३५, निबंध २५. तीन परीक्षक, देणगीदार त्यात नको. वंशाचा रकाना परीक्षकांना दिसता कामा नये. निबंधात अनुभव येऊ द्या: प्रवेशात वंश बघायला मनाई करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या हार्वर्ड निकालातही वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं लिहायला मुभा ठेवली आहे. मात्र गुण त्या माणसाच्या जिद्दीला, कामाला द्यायचे, वंशाला नाही.

वरदा
म्हणजे पाणी घालून घालून मूळ हेतूच उरणार नाही.

निरंजन_प
का नाही उरणार? सूचना कुठे पोचवायची ते तुमच्या हातात आहे. ब्लॅक लॉ स्टुडंट्स असोसिएशनच्या शाखा (१९६८ पासूनची संघटना आहे), आणि मोरहाउस, स्पेलमन, क्लार्क अटलांटा ही अटलांटातली कृष्णवर्णीयांची जुनी कॉलेजं. तिकडे नीट पोचलात की अर्ज येतात.

वरदा
बरं. पण फीसाठी ५,००० देऊ नका. कॉलेजचं मदत कार्यालय बाहेरची शिष्यवृत्ती हिशेबात धरतं आणि काही ठिकाणी स्वतःचं अनुदान तेवढंच कापतं. म्हणजे तुमचे पैसे कॉलेजला, मुलाला शून्य. 'आधी विद्यार्थ्याचं कर्ज कमी करू, अनुदान नाही' असं त्यांच्याकडून लेखी घ्या. खरी ओढाताण मे महिन्यात पदवीनंतर. बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची) जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, दहा आठवडे कमाई नाही, क्लासची फी वेगळी, निकाल थेट शरद ऋतूत. पाच जणांना ८,००० द्या. फक्त एवढं सांगा की राहण्याखाण्याचे पैसे करपात्र असतात. पदवीच्या काळातली फी आणि सक्तीची पुस्तकं नसतात.

तन्मय_ग
तिसऱ्या वर्षी देऊन उशीर होतो, वरदाताई. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद. लॉच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला कमाल ५०,००० डॉलर. वरची रक्कम खाजगी कर्जानं, आणि त्याला बहुधा जामीनदार लागतो. ज्याच्या घरी जामीन राहायला कोणी नाही, तो पहिल्याच वर्षी गळतो.

आणि मेंटॉर ऑगस्टमध्येच द्या. पहिल्या सत्राची परीक्षा डिसेंबरात, आणि वकिलांच्या मोठ्या फर्म आता त्याच गुणांवर वसंतातच पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची निवड करतात. नोव्हेंबरात जोड्या लावल्या तर नुसती कॉफी होते. एका मेंटॉरकडे दोन विद्यार्थी, दर तीन आठवड्यांनी अर्धा तास. ऑक्टोबरात एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या आणि मेंटॉरनं ती ओळ न् ओळ तपासावी. गुणांची अट अजिबात नको. वर्गात गुण कर्व्हवर, म्हणजे इतरांच्या तुलनेत ठरतात, कोणीतरी खाली जाणारच, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी पैसे तुटतील.

सुनीता_बडोदे
सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, दहा वर्षं नोकरीच्या करारावर. एलडीएफ या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन वकिली संस्थेचा मार्शल-मॉटली कार्यक्रमही पूर्ण फी देतो आणि दक्षिणेत आठ वर्षं नागरी हक्कांची वकिली मागतो. तुम्हीही बंधन घाला.

निरंजन_प
नको! बंधन आलं की मोबदला आला, मोबदला आला की करार. शिवाय ५,००० डॉलरवर कोणाची वर्षं बांधता येत नाहीत. आणि बडोद्याला परतल्यावर बाबासाहेबांना राहायला साधी जागा मिळू दिली नाही, हेही त्याच करारासोबत सांगा.

अदिती_ज
परवानगीचं कलम काढलं. २०,००० पहिल्या वर्षाच्या चौघांना, २०,००० बार परीक्षेसाठी. मेंटॉर नऊच आहेत, आणि अर्ज किती येतील ते माहीत नाही.

तन्मय_ग
मग अठराच विद्यार्थी घ्या. बाकीच्यांची नावं प्रतीक्षायादीत. आणि नऊपैकी बार परीक्षा कोणी कुठल्या राज्यात दिली आहे, ते आधी लिहा.