रोज १० रुपयांचं सोनं: बचत, की रीलवाल्यांची कमाई?

पैपैचा_हिशेब

हल्ली मोबाइल उघडला की तीच रील. कटिंग चहाचा ग्लास, बाजूला फोन, आणि "या चहाच्या पैशात तुम्ही सोन्याचे मालक". रोज १० रुपयांचा ऑटोपे (खात्यातून आपोआप कपात) लावा, डिजिटल सोनं, म्हणजे ॲपवर घ्यायचं आणि कंपनीकडेच ठेवायचं सोनं, जमत जाईल. खाली लिंक, लिंकमध्ये रेफरल कोड. कोड कुणाच्या खिशात पैसे टाकतो हे वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच की सवय चांगली आहे, माल महाग आहे. १,००० रुपये टाकले तर ३ टक्के जीएसटी आधीच वजा होतो आणि सोनं येतं ९७० रुपये ८७ पैशांचं. आता त्याच मिनिटाला 'विका' दाबा. ॲपचा विक्रीचा दर खरेदीच्या दराहून कमी असतो. हा फरक ३ टक्के धरला तर हातात ९४१ रुपये ७५ पैसे पडतात. म्हणजे सोनं ६.२ टक्के चढेपर्यंत तुमची फक्त मुद्दल भरून निघते. फरक ॲपगणिक बदलतो, म्हणून खरेदी आणि विक्री असे दोन्ही स्क्रीन एकाच वेळी उघडून दर ताडून बघा. रीलमध्ये दाखवतात तो एकटा खरेदीचा आकडा.

दुसरं म्हणजे, ८ नोव्हेंबर २०२५ ला सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, लोकांना सावध केलं की असं डिजिटल सोनं त्यांच्या नियमनाखाली येत नाही, कंपनी बुडाली तर त्यांचं संरक्षण मिळणार नाही. ही बातमी कुठल्या रीलमध्ये दिसली?

टिचकीभर

हिशेब बरोबर आहे, पण तो कुणासाठी मांडताय? १५-१८ हजार पगार, पीजीचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे. अशा पोरीला "डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघड, ईटीएफ (शेअरसारखे विकले जाणारे सोन्याच्या फंडाचे युनिट) घे" सांगून काही होत नाही. ती १० रुपयांनी सुरुवात तरी करते. वर्षाला ३,६५० होतात. त्यातले दोन-सव्वादोनशे खर्चात गेले समजा. ॲप नसतं तर ते ३,६५० मोमोज आणि रिचार्जमध्ये गेले असते. शिस्तीची फी समजा.

आणि "कंपनी बुडाली तर" म्हणताना हेही सांगा की नावाजलेल्या ॲपांमागे एमएमटीसी-पॅम्प, सेफगोल्ड, ऑगमाँट असे पुरवठादार असतात आणि सोनं तिजोरीत ठेवून त्यावर विश्वस्त नेमलेला असतो. गल्लीतल्या भिशीवाल्या काकांकडे विश्वस्त कोण असतो?

पैपैचा_हिशेब

विश्वस्त असतो, मान्य. तो नेमतं कोण? पुरवठादार कंपनीच. तपासायला सरकारी माणूस येत नाही, एवढाच माझा मुद्दा. शिवाय अटींमध्ये साठवणीची मुदत लिहिलेली असते, तिच्यानंतर विका किंवा नाणं मागवा. नाणं मागवलं की घडणावळ आणि घरपोच पाठवणीचे पैसे वेगळे. अर्ध्या ग्रॅमच्या नाण्याला ते किती जड पडतात, 'डिलिव्हरी'वर दाबून शेवटचा आकडा एकदा बघाच.

नथवाली_९१६

तुम्ही दोघं ६ टक्क्यांवरून भांडताय, बाजारात बायका १९ टक्के मोजून हसत घरी येतात. मीच सांगते, कारण दागिन्यांची बाजू मांडायची तर आधी खोट उघडी केलेली बरी.

हिशेबाला सोपं म्हणून २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० धरू. १० ग्रॅमच्या पाटल्या, मजुरी १२ टक्के. सोनं १,००,०००, मजुरी १२,०००, बेरजेवर ३ टक्के जीएसटी ३,३६०. बिल १,१५,३६०, वर हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर. उद्या मोडायला नेल्या आणि सराफाने ३ टक्के घट धरली तर ९७,००० मिळतात. दर १९ टक्के चढेल तेव्हा कुठे बरोबरी.

तरीही दागिना घ्या म्हणते. दागिना अंगावर घालायला आहे, १२ टक्के त्या घालण्याचे. ज्याला नुसती बचत करायची त्याने वेढणी घ्यावी. नव्या पिढीसाठी सांगते: वेढणी म्हणजे चोख सोन्याचं साधं वळं, नक्षी नाही, खडा नाही, डाग (जोडाचा टाका) नाही, म्हणून मजुरी नाममात्र. आपल्याकडे दसऱ्याला, पाडव्याला, गुरुपुष्याला एक ग्रॅम, दोन ग्रॅम अशी वेढणी घेऊन ठेवायची पद्धत आहे, आणि चार जमली की पाटलीत घालायची. चीनमधली तरुण पोरं एक-एक ग्रॅमचे सोन्याचे 'बीन' बरणीत जमवतात त्याचं मध्यंतरी मोठं कौतुक झालं. बरणीऐवजी डब्यातली पुरचुंडी एवढाच फरक.

वेढणी घेताना एकच प्रश्न विचारायचा: "परत आणली तर पूर्ण दर रोख देणार, की फक्त बदलीत?" बरेच सराफ स्वतःच्या वेढणीला बदलीत घट धरत नाहीत, रोखीला मात्र काही टक्के कापतात. उत्तर बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द मालक बदलला की जातो.

डीमॅटदास

पुरचुंडीवरही ३ टक्के जीएसटी आहेच की ताई. गोल्ड ईटीएफचे युनिट घेताना तो लागत नाही. फंडाचा खर्च वर्षाला साधारण अर्धा-पाऊण टक्का, काहींचा त्याहून कमी. सेबीचं नियमन आहे. १२ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर. तुमच्या वेढणीला आणि टिचकीभरच्या ॲपवाल्या सोन्याला तोच दर मिळायला २४ महिने थांबावं लागतं, आधी विकलं तर नफा उत्पन्नात धरून तुमच्या स्लॅबने कर.

"गरीब पोरीने डीमॅट कसं उघडायचं" हेही आता जुनं झालं. मूळ सेवेचं डीमॅट खातं घेतलं तर ४ लाखांपर्यंतच्या शिल्लकीवर वार्षिक शुल्क नाही. अनेक ईटीएफचं एक युनिट ग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढं आहे, म्हणजे शे-दीडशेत काम होतं.

टिचकीभर

आणि विकताना? दर विक्रीला डीपीचे, म्हणजे डीमॅट सांभाळणाऱ्याचे, १५-२० रुपये आणि वर जीएसटी. ५०० चे युनिट विकले तर तिथेच साडेतीन ते पावणेपाच टक्के गेले. हे मात्र डीमॅटवाले सांगत नाहीत.

डीमॅटदास

रास्त. म्हणून थोडं थोडं घ्यायचं आणि विकायचं एकदम. दुसरी चूक लोक करतात ती बाजारभावाने ऑर्डर टाकण्याची. ईटीएफचा चालू भाव आणि आतल्या सोन्याची किंमत यांत फरक पडतो. ही आतली किंमत दिवसभर 'आयनॅव्ह' म्हणून फंडाच्या साइटवर दिसते. लोकांची झुंबड उडाली की भाव तिच्या वर जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीच्या ईटीएफचं तेच झालं. चांदीचा तुटवडा, रीलवर 'चांदी चांदी', आणि लोक आतल्या चांदीपेक्षा कितीतरी चढ्या भावाने युनिट घेत होते. काही फंडांनी तर आपल्या चांदीच्या फंड-ऑफ-फंडांत (ईटीएफमध्येच पैसे लावणाऱ्या फंडांत) एकरकमी पैसे घेणं थांबवलं होतं. आयनॅव्ह बघा, त्याच्या आसपासची लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) टाका. एवढं जमत नसेल तर गोल्ड फंडाची एसआयपी. डीमॅट लागत नाही, फक्त खर्च दोन थरांचा होतो.

सर्वांत स्वस्त मार्ग होता तो सार्वभौम सुवर्ण रोख्यांचा, म्हणजे सोन्याच्या भावाने परत होणाऱ्या सरकारी रोख्यांचा. २०१५ चा पहिला रोखा ग्रॅमला २,६८४ ला आला आणि नोव्हेंबर २०२३ ला ६,१३२ ने परत झाला, शिवाय वर्षाला व्याज होतंच. पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, पण व्यवहार विरळ.

बांधावरचा_बाबू

मंडळी, एक गोष्ट सगळेच विसरलात. जूनमध्ये बियाणं-खताला पैसे लागतात तेव्हा गावात काय चालतं? दागिना घेऊन बँकेत जायचं, तासा-दोन तासांत सोनेतारण. रिझर्व्ह बँकेच्या नियमात हे कर्ज दागिन्यांवर मिळतं, नाण्यांवर मर्यादेत मिळतं. बिस्किटावर मिळत नाही आणि गोल्ड ईटीएफच्या युनिटवर सोनेतारण होत नाही. जून २०२५ च्या नव्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मग सांगा, १२ टक्के मजुरी कुठे वाया गेली? विकायची वेळच येत नाही. सोडवून आणायचं, पुढच्या जूनला परत ठेवायचं.

फक्त ठेवताना बँकेच्या पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ वजन दोन्ही बघा. मंगळसूत्रातले काळे मणी, बोरमाळेच्या मण्यांतली लाख, हे सगळं वजा होतं. ३० ग्रॅमची म्हणून नेलेली माळ २२ ची निघते आणि माणूस बँकेशी भांडत बसतो. भांडण खरेदीच्या दिवशी सराफाशी करायचं असतं.

पैपैचा_हिशेब

बाबूराव, हा मुद्दा तोडीचा आहे. ज्याला तारण लागतं त्याच्यासाठी दागिनाच, हे मान्य. शहरातल्या पगारदाराला मात्र हे लागू नाही. तो दागिना लॉकरमध्ये टाकतो आणि भाडं भरतो. त्यात बँकेत चोरी झाली, आग लागली किंवा कर्मचाऱ्याने घोटाळा केला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपुरती. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. आत किती ठेवलंय ते तुमचं तुम्हाला माहीत.

टिचकीभर

बरं, मग सराफाची ११ + १ योजना? त्याच्याही रीली आहेत. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा दुकान भरणार. ५,००० चे ११ म्हणजे ५५,०००, वर ५,००० फुकट. हप्त्याहप्त्याने व्याज काढलं तर १५ टक्क्यांच्या वर जातं. एफडीत देतं का कोण?

नथवाली_९१६

फुकट म्हणू नका हो. ६०,००० चा दागिनाच घ्यावा लागतो, नाणं नाही, वेढणी तर नाहीच. जीएसटी काढला की ५८,२५२. मजुरी १४ टक्के असेल तर आत सोनं उरतं ५१,०९८ चं. भरले होते ५५,०००. बारावा हप्ता मजुरीत विरघळला. दागिना घ्यायचाच होता तर योजना फायद्याची, कारण तिच्याशिवाय ५५,००० त ४६,८४० चंच सोनं आलं असतं. पण तिला व्याज म्हणून मिरवू नका.

सही करण्याआधी एक बघा: हप्ता रुपयांत जमा होतो की त्या दिवशीच्या दराने ग्रॅममध्ये? दर चढत असताना रुपयांत जमा करणारा ग्राहक शेवटी चढ्या दराने घेतो. आणि योजना ११ महिन्यांचीच का? कारण कंपनी कायद्याच्या नियमाप्रमाणे मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही तर ती ठेव ठरते. दोन वर्षांची योजना, महिन्याला ठरावीक परतावा, असं कुणी सांगू लागला की चप्पल घालायची आणि निघायचं. जानेवारी २०२५ मध्ये दादरला दागिन्यांच्या बंद दुकानासमोर जमलेली गर्दी सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. तिथे तर आठवड्याला परतावा होता.

डीमॅटदास

ताई, शुद्धतेचं काय? ॲपमध्ये निदान ९९९ लिहिलेलं असतं.

नथवाली_९१६

लिहिलेलं दागिन्यावरही असतं, आणि ते तपासताही येतं. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक, असावाच लागतो. भिंग सराफाकडेच मागा, लाजू नका. बीआयएस केअर या मानक ब्युरोच्या ॲपमध्ये तो घातला की सराफाची नोंदणी, हॉलमार्क केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. प्रकार नक्की वाचा. हातात अंगठी आणि ॲपमध्ये कानातलं, तर कोड दुसऱ्या दागिन्याचा उचललेला. शंका आली तर हॉलमार्क केंद्रात चार नगांपर्यंत २०० रुपयांत तपासून मिळतं, आणि सोनं कमी भरलं तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. २ ग्रॅमच्या आतल्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणून एक ग्रॅमच्या वेढणीला ओळखीचा सराफ लागतो, हे माझ्या बाजूचं लंगडं पाऊल, कबूल.

टिचकीभर

चला, कुणीतरी कबूल केलं. मग मीही एक करतो. या ॲपांत लोकांची सगळ्यात मोठी फसगत सोन्याच्या दरात होतच नाही. ॲप काढून टाकलं की ऑटोपे बंद झाला, असं त्यांना वाटतं. होत नाही. यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलखाली 'ऑटोपे' उघडायचं, चालू मँडेट (पैसे कापायची परवानगी) निवडायचं, रद्द करून पिन टाकायचा. नाहीतर रोजचे १० रुपये जात राहतात आणि सोनं अशा खात्यात जमतं ज्याचा पासवर्डही आठवत नाही. ऑटोपे लावताना शेवटची तारीख सहा महिन्यांवर ठेवा, आपोआप संपतो. तरीही सुरुवातीला १० रुपयेच बरे, यावर मी ठाम आहे.

पैपैचा_हिशेब

सहा महिन्यांत १,८०० होतात. ते विकून ईटीएफकडे वळायचं असेल तर ॲपमध्ये विक्रीचा कमीत कमी आकडा आणि पैसे खात्यात यायला लागणारे दिवस पहिल्या १० रुपयांच्या आधी वाचा.

बांधावरचा_बाबू

आणि आमच्या जूनचं काय ते राहिलंच.