प्रेसवर दोन बोटं गेली, ठेकेदार साठ हजार देतोय. वकील करावा का? (चर्चा २०२४ च्या शेवटची, कायदे आणि आकडे तेव्हाचे)

चाकणचा_दादा
माझा धाकटा भाऊ, वय ३०. चाकणला पार्ट्सच्या कंपनीत ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर होता. मार्च २०२४ मध्ये रात्रपाळीला जॉब (पार्ट) अडकला म्हणून हात घातला आणि प्रेसने डबल स्ट्रोक मारला, म्हणजे लगेच परत खाली आला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. हात आत असला की मशीन थांबवणाऱ्या सेन्सरची वायर दोन दिवसांपासून काढून ठेवलेली, प्रॉडक्शन निघावं म्हणून. ठेकेदाराने खाजगी दवाखान्याचं १ लाख १० हजारांचं बिल भरलं, ते नाकारत नाही. आता आठ महिन्यांनी म्हणतो, वर ६० हजार घे आणि स्टॅम्प पेपरवर सही कर. 'माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही' असा मजकूर आहे. भाऊ म्हणतो घेऊन टाकू. एका वकिलाला विचारलं तर १५ हजार आधी आणि मिळेल त्यातले वीस टक्के म्हणाला. काय करावं?

जुना_टाइमकीपर
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण उगाच नाही पडली. माझ्या मेव्हण्याची अशीच केस चार वर्षं चालली. प्रत्येक तारखेला रजा, एसटीचं भाडं, वकिलाच्या कारकुनाचा चहा. निकाल त्याच्या बाजूने लागला तोवर उधारी इतकी झाली होती की हातात काही उरलं नाही. ठेकेदाराला दोन माणसं घेऊन भेटा आणि ६० चे दीड लाख करून घ्या. बिल भरणारा ठेकेदार मिळाला हेच नशीब समजा.

आकडेमोड
दीड लाखाला 'करून घ्या' म्हणताय, पण हक्काचे किती होतात ते तरी बघा. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. पगार कितीही असो, जानेवारी २०२० पासून हिशोबाला महिना १५,००० पर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्यातल्या वयाच्या तक्त्यात तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. एका हाताची दोन बोटं गेली तर परिशिष्टात कमाईक्षमतेची हानी २० टक्के. म्हणजे ३,७४,३६४ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि नीट कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दवाखान्याचा खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, तो उपकार म्हणून मोजू नका. आणि त्या स्टॅम्प पेपरची चिंता सोडा. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे, कलम १७.

चाकणचा_दादा
३ लाख ७४ हजार?? भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, कागदावर तर मी सुपरवायझर पण होईन."

एचआरवाला_पिंपरी
बारा वर्षं टेबलाच्या या बाजूला बसलोय, म्हणून सांगतो. या टप्प्यावर वकील नको. आकडेमोड यांनी लिहिलेला हिशोब साध्या मराठीत अर्जात उतरवा आणि रजिस्टर्ड पोस्टाने ठेकेदाराला आणि कंपनीलाही पाठवा. ठेकेदाराच्या माणसाला भरपाई द्यायची जबाबदारी मूळ मालकावरही येते. कंपनीला असा कागद गेला की ठेकेदाराला वरून फोन जातो, बिल अडकतं, आणि जो माणूस आठ महिने फोन उचलत नव्हता तो घरी पेढे घेऊन येतो. वकिलाची नोटीस गेली की मात्र फाइल आमच्या वकिलाकडे जाते, मग आम्हीही काही बोलू शकत नाही.

काळा_कोट
स्वतः वकील आहे, तेव्हा माझं म्हणणं जरा पारखूनच घ्या. पेढे घेऊन येतो तो कोरा कागदही घेऊन येतो, हे एचआरवाल्यांनी लिहायचं राहिलं. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, वीस टक्के मागणाऱ्याकडे जाऊ नका. निकालावर टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, फी ठरवून घ्या आणि पावती मागा. दुसरी, २० टक्क्यांवर गप्प का बसायचं? श्रीनिवास सबता नावाच्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून त्याची हानी १०० टक्के धरली गेली आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. उजव्या हाताची दोन बोटं नसलेल्या माणसाला प्रेसवर परत कोण उभा करणार? हा मुद्दा साध्या अर्जाने मांडता येत नाही. डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं आणि समोर विमा कंपनीचा वकील उलटतपासणी घेतो.

जुना_टाइमकीपर
अहो पण दोन बोटं आणि अख्खा हात एक कसं?

काळा_कोट
एक नाहीच. १०० मिळतील असं म्हणतच नाही. २० च्या वर मागायला जागा आहे, एवढंच.

लाल_बावटा_भोसरी
वकीलसाहेब, याच कायद्याचं कलम २४ तुम्ही सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. या कायद्याखाली भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तापुढे कामगाराच्या वतीने नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी उभा राहू शकतो, लेखी अधिकारपत्र दिलं की झालं. काळा कोट लागत नाही. अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा घाईने सही करायचं कारण नाही.

पण दादा, त्याआधी हे सांगा. पगार किती होता आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत होते का? दवाखान्याच्या केस पेपरवर काय लिहिलंय?

चाकणचा_दादा
हातात १७,५०० यायचे म्हणाला होता. ईएसआयचं कार्ड कधी मिळालं नाही. केस पेपर आत्ता काढला. त्यावर 'दरवाजात बोटे सापडून इजा' लिहिलंय. भाऊ बेशुद्ध होता, ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं असणार.

काळा_कोट
घ्या! आता करा साधा अर्ज.

लाल_बावटा_भोसरी
त्या रात्रीची हजेरी, सोबतच्या दोघांचे जबाब आणि मोबाईलमध्ये मशीनचा फोटो असेल तर तो आजच्या आज जपून ठेवा. सोबतचे आता दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले असतील तर उलट बोलायला घाबरणार नाहीत.

आणि कार्ड मिळालं नाही याचा अर्थ ईएसआय नाही असा होत नाही. पगार २१ हजारांच्या आत, म्हणजे तो तिथे बसतो. पगाराची स्लिप बघा.

आकडेमोड
थांबा, मग माझा हिशोब कोसळला. ईएसआयखाली येणाऱ्या कामगाराला १९२३ च्या कायद्याने मालकाकडून भरपाई मागता येत नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ आडवं येतं. ठेकेदाराने नोंदणी केली नसेल तरी. सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल तसाच आहे, वर्गणी *देय* होती की नाही ते बघतात, भरली की नाही ते नाही. तिथे रोखीऐवजी दरमहा पेन्शन असते. १७,५०० च्या ९० टक्क्यांचे २० टक्के, साधारण ३,१५०. आयुष्यभर. दहा वर्षांत ३.७४ लाखांच्या वर जातं.

एचआरवाला_पिंपरी
म्हणजे १५ हजार देऊन वकिलाने लेबर कोर्टात केस टाकली असती तर चुकीच्या दारात उभे राहिला असतात. मी हेच म्हणत होतो.

काळा_कोट
तुम्ही रजिस्टर्ड पोस्टाने चुकीच्याच दारात पाठवत होतात.

चाकणचा_दादा
स्लिप सापडली. फेब्रुवारी २०२४, ईएसआय कपात १३२ रुपये. आयपी नंबरच्या (ईएसआयमधल्या कामगाराच्या विमा नंबरच्या) जागी रेघ मारलेली आहे. भाऊ म्हणतो, ते १३२ कसले म्हणून एकदा विचारलं होतं, ठेकेदार म्हणाला कॅन्टीनचे.

लाल_बावटा_भोसरी
ती स्लिप कोणाला देऊ नका, झेरॉक्स काढा. सोमवारी दहाला ईएसआयच्या शाखा कार्यालयाबाहेर भेटू, मी येतो. केस पेपरचं वकीलसाहेब तुम्ही बघाल का?

काळा_कोट
त्या दवाखान्याला लिहायचं पत्र मी करून देतो. फी नको, पण कोर्टात जायची वेळ आली तर परत बोलू.