पीटर टाउनसेंडची यादी नागपुरात चालते का?

संत्र्याची_फोड:
नमस्कार. एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातलं पदव्युत्तर) शेवटचं वर्ष आहे, विषय घेतलाय नागपूरच्या वस्त्यांमधली गरिबी आणि योजना. सिनॉप्सिसमध्ये पीटर टाउनसेंडचं, म्हणजे राहणीमानाच्या गोष्टींची यादी करून गरिबी मोजणाऱ्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं, नाव टाकलं तर सर म्हणाले, तिकडे घरी फ्रिज नसला की गरीब म्हणतात, तो माणूस तुला इकडे काहून पाहिजे? मी नुसतीच हो सर, हो सर करत बसले. आता त्याच्या कामाचा परिणाम काय झाला यावर दोन पानं लिहून द्यायची आहेत. कोणी खरंच वाचलाय का त्याला? गुगल मी पण करून राहिली आहे, ते नका पाठवू.

खुर्चीतला_मास्तर:
सर अर्धं बरोबर बोलले. फ्रिज यादीत होता, पण यादी का आली ते आधी बघ. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सगळे धरून चालले होते की कल्याणकारी राज्य आलं, आता गरिबी संपली. मोजायची पद्धत राउंट्री नावाच्या जुन्या अभ्यासकाची, म्हणजे अंगात काम करायची ताकद राहील एवढं अन्न, कपडा, भाडं, बस. टाउनसेंड १९५४ पासूनच म्हणत होता की माणूस म्हणजे काही कोळसा टाकायचं इंजिन नाही. मग १९६५ मध्ये त्यानं आणि त्याचा सहकारी ब्रायन एबल-स्मिथ यानं सरकारच्याच खर्चाच्या सर्व्हेतून दाखवून दिलं की १९६० मध्ये अंदाजे ७५ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या १४ टक्के, सरकारी मदतीच्या पातळीजवळ किंवा त्याखाली जगत होते, आणि त्यात पोरं भरपूर होती, कामावर जाणाऱ्यांच्या घरची पण. त्याच वर्षी मुलांच्या गरिबीवर सरकारशी भांडणारा चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप उभा राहिला, दोघंही त्यात होते, आणि पुढे १९७७ पासून मुलांसाठी जो भत्ता तिथं सुरू झाला त्याच्यामागे या ग्रुपचा रेटा होता. बाकी तू वाचशीलच, पण म्हाताऱ्यांवरचं काम सोडू नको. आधी पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनमध्ये म्हाताऱ्या माणसांना कोण बघतं, लेक किती जवळ राहते हे घरोघर जाऊन विचारलं, १९५७ चं पुस्तक आहे, आणि मग देशभरातले १७३ वृद्धाश्रम पाहिले. शहरातल्या माणसाचं जगणं आणि सरकारी धोरण एका वहीत लिहिणारा माणूस होता तो.

हिशोब_पक्का:
मास्तरांनी कौतुक केलं, मी जरा मीठ टाकतो. १९६८-६९ मध्ये टाउनसेंडचा दोन हजारांवर घरांचा सर्व्हे झाला, राहणीमानाच्या साठेक गोष्टी विचारल्या, त्यातल्या १२ घेऊन निर्देशांक केला. वर्षात आठवडाभर बाहेरगावी गेलात का, महिन्याभरात कोणाला घरी जेवायला बोलावलं का, लेकराचा वाढदिवस केला का, रविवारी मटणाचा मोठा तुकडा भाजता का, असलं. म्हणणं असं की उत्पन्न सरकारी मदतीच्या साधारण दीडपटीच्या खाली गेलं की माणूस या सगळ्यातून झपकन गळायला लागतो. १९८१ मध्ये डेव्हिड पियाशॉ या ब्रिटिश अभ्यासकानं बरोबर पकडलं, अरे, एखादा शाकाहारी असेल, त्याचं काय? नागपुरात रविवारचं सावजी मटण विचारायला श्रावणात गेलीस तर अख्खी वस्ती गरीब निघेल. अमर्त्य सेन यांच्याशी पण त्याचा वाद झाला, १९८३ ते ८५. सेन म्हणत होते की वस्तू जागेप्रमाणे बदलतात, पण लाज न वाटता चारचौघांत वावरता येणं ही गरज सगळीकडे सारखीच. मला विचारशील तर सेन जिंकले.
आपल्याकडे तर दांडेकर आणि रथ हे अर्थतज्ज्ञ १९७१ मध्ये गरिबीची रेष काढताना माणशी रोजच्या २२५० कॅलरीत अडकले होते, म्हणजे आधी पोट भरतं का हाच प्रश्न. २०१४ च्या रंगराजन समितीनं पण शहरात माणशी दिवसाला ४७ रुपयांवर गरिबीची रेष ओढली. त्यात तू फ्रिज विचारशील तर सर हसतीलच न.

वस्तीतली_चप्पल:
हसू द्या सरांना. मी उत्तर नागपुरात सहा वर्षं फॉर्म भरून घेतलेत, त्यातला एक किस्सा सांगते. फॉर्ममध्ये रकाना होता, कूलर आहे का? एका घरी होता, मी टिक केली आणि निघाले, तर शेजारीण हसून म्हणे ताई तो पाहुणे आले की चालते, नाहीतर बिल कोण भरन. मे महिना होता, आणि टाकीत पाणी नव्हतंच, बिया काढलेल्या चिंचा ठेवल्या होत्या. आमच्या कागदावर ते घर कूलरवालं! म्हणून सांगते, वस्तू मोजू नको, तिचं काय करतात ते विचार.
आणि दुसरं, तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून पोरं घरोघर जातात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतात, नागपुरात कोणाला सांगायला नको. एक बाई म्हणे आम्ही दरवर्षी त्या दिवशी पोराला मामाकडे पाठवून देतो. मला वाटलं हौसेनं. नंतर कळलं मामाच्या वस्तीत तान्हा पोळा होतच नाही. घरी जेवण होतं, रेशन होतं, कॅलरी काढल्या असत्या तर कदाचित पास झाली असती. हिशोबभाऊ, ही लाज तुमच्या ४७ रुपयांत कुठं बसते?

हिशोब_पक्का:
ताई, मी सेनचंच नाव घेतलं होतं, तुम्ही मलाच धरलं. पण चिंचेचं मान्य. एक जोडतो, नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या निर्देशांकातही १२ च गोष्टी आहेत, पोषण, शाळा, सरपण, संडास, बँक खातं वगैरे. पोराला कोणी खेळायला बोलावते का, हे त्यात नाही.

खुर्चीतला_मास्तर:
आणि पियाशॉच्या आक्षेपावर उत्तर निघालंय. १९८३ मध्ये ब्रिटनमध्येच मॅक आणि लॅन्स्ले या अभ्यासकांनी यादी स्वतः केलीच नाही, लोकांनाच विचारलं की कशाशिवाय राहणं गैर वाटतं, मग ज्याच्याकडे ती गोष्ट नाही त्याला विचारलं, हौस नाही म्हणून नाही, की परवडत नाही म्हणून नाही. ही सगळी टाउनसेंडची चूक दुरुस्त करतानाच निघालेली वाट आहे, परिणाम लिहायचा तर हे लिही.

संत्र्याची_फोड:
बापरे, एका रात्रीत एवढं. मग मी असं करते, फ्रिजचा प्रश्न काढते, आधी वस्तीतल्या वीसेक बायकांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच यादी करून घेते आणि प्रत्येक गोष्टीला "नको की परवडत नाही" हे दोन रकाने. वस्तीतली चप्पल ताई, पहिल्या बैठकीला याल का? चहा माझ्याकडून.

वस्तीतली_चप्पल:
येईन. दुपारी नको ठेवू पण, दुपारी नळ येतात.