खिडकीतला दिवा

वॉल्ट डिस्नेचा देह म्हणे गोठवून डिस्नेलँडखाली ठेवलाय, अशी एक अफवा फिरते. निव्वळ थाप! १५ डिसेंबर १९६६ ला तो गेला आणि दोनच दिवसांत दहनही झालं. खरी गोष्ट जास्त गोड आहे. पार्कातल्या मेन स्ट्रीटवरच्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर त्याचं छोटंसं बिऱ्हाड होतं. तिथल्या खिडकीतला दिवा त्याच्या आठवणीत आजही तेवत ठेवतात.

बाकी १७ जुलै १९५५ चं डिस्नेलँडचं उद्घाटन म्हणजे नुसता गोंधळ. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या संत्र्याच्या बागा तोडून वर्षभरात सगळं उभं केलेलं. डांबर इतकं मऊ, की बायकांच्या टाचा रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची बोंब. त्यावर लोकांचा संशय काय, तर कोल्ड्रिंक खपावं म्हणून मुद्दाम पाणी ठेवलं नाही!