'मॅनेज्ड थ्रेड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : हिंजवडीतल्या आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. जावा वेब ॲप्लिकेशनमध्ये ठरावीक वेळाने चालणाऱ्या कामांबद्दल लिहिताना 'मॅनेज्ड थ्रेड'पाशी अडलोय (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये इतर कामांसोबत समांतर चालणारा कामाचा प्रवाह). 'व्यवस्थापित धागा' चालेल का?

उत्तर : 'धागा' नको, सगळे थ्रेडच म्हणतात. खरी अडचण 'व्यवस्थापित'ची आहे. व्यवस्था कोणाची, हे त्यातून कळत नाही, आणि सगळा मुद्दा तर तोच आहे. आपण परस्पर थ्रेड सुरू केला तर सर्व्हरला त्याची खबरच नसते. ॲपची नवी आवृत्ती चढवली तरी जुना थ्रेड चालूच राहतो, जुना क्लासलोडर (ॲपचा कोड मेमरीत आणणारा भाग) धरून बसतो आणि मेमरी सुटत नाही. ॲप थांबवताना टॉमकॅट हा सर्व्हर लॉगमध्ये अशा थ्रेडचं नाव घेऊन इशारा देतो, तो यासाठीच.

२०१३ साली जावा ईई ७ मध्ये (सर्व्हरवरच्या जावा ॲपसाठीचं मानक) 'मॅनेज्ड शेड्यूल्ड एक्झिक्युटर सर्व्हिस' ही ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय आली. तिथे थ्रेड सर्व्हर देतो. काम सोपवणाऱ्या ॲपचा क्लासलोडर, जेएनडीआयमधली (सर्व्हरवरच्या गोष्टी नावाने शोधण्याची सोय) नावं आणि लॉगिनची ओळखही त्याला लावून देतो. चालू ट्रॅन्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारे बदल) मात्र सोबत जात नाही. ॲपने या सर्व्हिसवर शटडाउन कॉल केलं तर थेट एक्सेप्शन (काम अडवणारी त्रुटी) येतं, कारण ती बंद करण्याचा हक्क ॲपला नाहीच. म्हणून मी 'सर्व्हरच्या ताब्यातला थ्रेड' म्हणेन, आणि आपण परस्पर सुरू केलेल्याला 'मोकाट थ्रेड'.

आणखी एक उत्तर : 'मोकाट' अगदी चपखल! पण नुसत्या टॉमकॅटमध्ये ही सर्व्हिस मिळत नाही. तिथे आपणच एक्झिक्युटर (थ्रेड सांभाळून कामं चालवणारा भाग) बनवतो आणि ॲप बंद होताना लिसनरमधून (ॲप सुरू-बंद होताना आपोआप चालणारा कोड) आठवणीने थांबवतो. तो सर्व्हरच्या ताब्यात नसतो, पण त्याला मोकाट म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला 'ॲपच्या जबाबदारीवरचा' म्हणा.

शिवाय टिपणांत 'फिक्स्ड रेट' आणि 'फिक्स्ड डिले' या दोन्हींना 'दर दहा मिनिटांनी' लिहू नका. काम चार मिनिटांचं असेल तर पहिल्यात फेरी दर दहा मिनिटांनी सुरू होते, दुसऱ्यात दर चौदा. कारण तिथे दहा मिनिटं काम संपल्यापासून मोजतात. मी 'ठरल्या वेळी' आणि 'ठरल्या अंतराने' असे शब्द वापरते. दोन्हींत एका फेरीतून एक्सेप्शन बाहेर निसटलं की पुढच्या फेऱ्या गुपचूप बंद पडतात, हे मात्र ठळक अक्षरांत लिहा.